शून्य नोंदी

वाचनालयाची कपाटं आता फोनात उघडतात,
असं काउंटरवरची प्रणोती आवळे म्हणाली.
माझ्या चष्म्यावर, माझ्या बोटावर
तिचा फारसा विश्वास दिसला नाही,
तरी म्हणाली, "टाका की काका, नाव टाका."

मी टाकलं: आडातलं पाणी.
अनुस्वारासकट, ठसठशीत.
बत्तीस वर्षं मंगळवार पेठेतल्या छापखान्यात
लोकांच्या वेलांट्या सरळ केल्या,
मी काय बोट घसरू देतोय?

शून्य नोंदी सापडल्या.

लेखकावरनं बघावं, तर आड मोजणाऱ्याचं
आडनावच आठवेना.
बावड्याकडचे तलाठी. निवृत्त झाल्यावर
सायकलला दोर बांधून पेठापेठांतनं फिरले,
कुठला आड किती परस, कुठला मचूळ,
कुठला बुजवून वर पिठाची गिरणी.
विषयात 'विहीर' टाकलं.
एक्क्याण्णव नोंदी, त्यातले अठ्ठ्याऐंशी कवितासंग्रह.
पाणी कुणातच नसावं.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं, म्हणून
फोन खिशात घातला.

रात्री गंगावेशीत कट्ट्यावर
कासंडीतलं दूध फेसासकट पीत होतो.
म्हैसवाला पोराला ओरडला,
"आरं, तिला आधी पानी दाव!"
मी तिथंच, ओठावर फेस तसाच,
एका बोटानं टाकलं:
आडातलं पानी.

एक नोंद सापडली.
दाखल क्रमांक ११४०८.
स्थिती: उपलब्ध.

सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर.
"कुणी भरल्या ह्या नोंदी? कळत नाही
न कुठला आणि ण कुठला?
तुझ्या स्वतःच्या नावात आहे की गं तो!"
ती काही बोलली नाही.
आत गेली, फडक्यानं पुसत पुस्तक घेऊन आली,
पहिलं पान उघडून माझ्यापुढं धरलं.

छत्तीस पॉइंटात, काळंकुळकुळीत:
आडातलं पानी.

मग सगळं आठवलं.
दस्तगीर मुल्लाणी खिळे जुळवत होता,
पाठीमागं ट्रेडल खडखडत होतं.
"मास्तर, मोठा ण एकच हाय,
त्यो चव्हाणांच्या लग्नपत्रिकेत अडकलाय.
तवर न लावतो. मागनं बदलू."
मी मान हलवली असणार.
लग्न झालं, वऱ्हाड गेलं, ण परत घरात आला,
पुस्तक तोवर बांधणीला गेलेलं.

तलाठी नंतर कितीतरी वर्षं चहाला यायचे.
बशीत ओतून प्यायचे, पावसाचं बोलायचे.
एका शब्दानं म्हणाले नाहीत.

प्रणोतीनं विचारलं, "नोंद दुरुस्त करू का?
म्हणजे पुढच्याला सापडेल."
पुढचा कोण?
मागचा शिक्का एक्क्याण्णव सालचा, तोही पुसट.
म्हटलं, "छापलंय तसंच असू दे. खाली बारीक अक्षरात
ण-वालंही टाक. दोन्हीकडनं यावं माणसानं."
"दोन रकाने नसतात काका," ती म्हणाली,
आणि तरीही काहीतरी टाइप करत राहिली.

माझी आई पानीच म्हणायची.
चौथीत असताना तिला मी दुरुस्त केलं होतं, पाहुण्यांसमोर.
त्यानंतर ती माझ्यासमोर
तांब्याच पुढं करायची, नुसता.

पापाच्या तिकटीला सावलीत थांबून
सवयीनं कानामागची पेन्सिल काढली
आणि आतली पानं तपासली.
एकशे बावन्न पानं, सगळीकडं ण जागच्या जागी.
बारीकातलं बारीक वाचलं होतं मी.
सगळ्यांत मोठं अक्षर तेवढं राहिलं.

पेन्सिल परत कानामागं ठेवली.
पान एक्काहत्तर, आमच्या गल्लीचा आड,
जिथं आता मोटारसायकली लावतात:
सात परस. झरा उगवतीकडून.
पाणी गोडं.
दोर स्वतःचा आणावा.